स्टड बसवायचे की हेडचे काम काढायचे?

(जिवती येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पाटण, टेकामांडवा, शेणगाव, कुठून कुठून तुम्ही पहाड तुडवत आलात. बैठकीच्या पत्रकावर कापसाचा भाव हा विषय आहे, आणि त्यावर बोलायला आमच्यापेक्षा जाणती माणसे इथे बसली आहेत. आम्हाला बोलायला उभे केले ते ट्रॅक्टरच्या इंजिनावर. हा काय संघटनेच्या बैठकीचा विषय झाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्याने अर्धा तास कळ काढावी. कापूस मातीमोल गेला की घरात जे होते, तेच इंजिनाचे हेड उडाले की होते. फरक इतकाच, की भाव पडला तर त्याची बातमी तरी छापून येते.

आम्ही म्हणजे चार घरे. चौघांनी मिळून एक जुना ट्रॅक्टर घेतला. एकट्याची ऐपत नव्हती, आणि या पहाडावर बँकेचे कर्ज कुणाला मिळते हे तुम्हाला सांगायला नको. आपले बापजादे ७२ च्या दुष्काळानंतर नांदेड-परभणीकडून इथे आले, कुणी त्याच्या आधी आले. कोलाम-गोंड बांधव तर पिढ्यान् पिढ्या इथलेच. जमीन कसतो आम्ही, पण कागदावर ती जंगल. पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही, अशी घरे या सभेत किती आहेत ते हात वर करा म्हटले तर मोजता येणार नाहीत. म्हणून इंजिन बिघडले की पैसा दोनच ठिकाणाहून येतो. दावणीच्या शेळ्यांतून, नाहीतर घरच्या बाईच्या डोरल्यातून. आमच्याकडे दोन्हीतून आला. एका हंगामात तीन वेळा हेड उघडले. एकदाच नीट उघडले असते तर डोरले सुटून गेले नसते.

झाले असे. मृगाचा पाऊस झाला, पहिल्या घराची पेरणी उरकली, दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर उतरवला आणि दुपारी काटा लाल रेघेत गेला. रेडिएटरचे झाकण जपून सैल केले तर पाण्यात बुडबुडे. मागून पांढरा धूर. मिस्त्री आला, म्हणाला, हेडचे पॅकिंग गेले. बरोबरच म्हणाला. पॅकिंग बदलले, जुनेच बोल्ट पुन्हा बसवले, पान्याच्या दांड्याला पाईप लावून आवळले. किती आवळायचे? हाताला लागेल तितके. आठ दिवस ट्रॅक्टर चालला.

पुन्हा तेच. या वेळी आवळताना एक बोल्ट नुसता फिरतच राहिला. काढून पाहिला तर त्याच्या दाताला ब्लॉकच्या बिडाचा भुगा चिकटलेला. आटे गेले होते. मग सल्ला मिळाला, बोल्ट फेकून द्या, सगळीकडे स्टड बसवा, म्हणजे हा त्रास कायमचा मिटेल. दोन भोके मोठी करून नवे आटे पाडले. स्टड कुठून आणायचे? लेथवाल्याने गजातून कातून दिले. दोन दिवसांत काम झाले, पैसेही कमी लागले. आम्ही खूष. हेडला हात लावू नका, फेसिंग-बिसिंग नको, पेरणी चालली आहे, असे मिस्त्रीला आम्हीच बजावले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण गावात सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारला गेला. घाई आमची होती आणि काटकसरही आमचीच.

तिसऱ्यांदा हेड उडाले तेव्हा तिसऱ्या घराची पेरणी व्हायची होती. त्यांनी भाड्याचा ट्रॅक्टर उधारीवर लावला, तोवर वाफसा निघून गेला. दुबार पेरणी. आम्ही ट्रॅक्टर घाट उतरवून खाली नेला, हेड मशीनवाल्याकडे टाकले. त्याने हेडवर सरळ पट्टी धरली, पलीकडून विजेरी लावली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे पट्टीखालून उजेड दिसला. तो उजेड आम्ही अजून विसरलो नाही. हेड वाकलेले होते. पहिल्या दिवसापासून वाकलेलेच असणार. त्यावर आम्ही दोन पॅकिंगे जाळली होती.

आता आपण मुळाशी जाऊ. हेडचे बोल्ट धरतात तरी काय?

समजा तुमच्या इंजिनाचा बोअर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंचाला थोडा कमी. त्या गोलाचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटते तेव्हा जुन्या घडणीच्या इंजिनातसुद्धा चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या आसपास दाब येतो. गुणाकार करा. साडेपाच हजार किलो. पंचावन्न क्विंटल! एका सिलिंडरवर पंचावन्न क्विंटल कापसाचा जोर खालून वर हेडला उचलायला बघतो. इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे फिरत असेल तर हा दणका प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला साडेसातशे वेळा बसतो. सिलिंडरभोवतीच्या चार-सहा बोल्टांनी तो धरायचा, आणि नुसता धरायचा नाही तर त्याहून बऱ्याच जास्त जोराने हेड दाबून ठेवायचे, म्हणजे मधले पॅकिंग हलणार नाही.

हे बोल्ट धरतो कसा, तर ताणून. जिनिंगमध्ये १७० किलोची गठाण बांधलेली तुम्ही पाहिली आहे. दाबलेला कापूस बाहेर यायला बघतो आणि पट्टी ताणलेली राहते, म्हणून गठाण घट्ट. बोल्टचे तेच. आवळला की तो केसभर लांब होतो, आणि स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो. त्या आखडण्याने हेड दाबले जाते. बोल्ट मऊ लोखंडाचा असेल तर तो ताणला जातो आणि तसाच राहतो, परत आखडतच नाही. आमचे गजातून कातलेले स्टड तसेच होते. काढल्यावर नव्या स्टडच्या शेजारी धरले तर एक नखभर लांब निघाला.

म्हणून बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचायला शिका. ८.८ लिहिले असेल तर त्याचे पोलाद चौरस मिलिमीटरला साधारण ८० किलो ताण सहन करते, १०.९ असेल तर १०० किलो. साध्या गजाचे लोखंड चाळीसच्या आसपास, म्हणजे निम्मे. भारतीय मानकात, आयएस १३६७ मध्ये, हे सगळे ठरवून दिलेले आहे. कंपनीने जो आकडा दिला त्याच्या खाली जायचे नाही. लेथवाल्याची कारागिरी कितीही चांगली असो, गजाचे पोलाद होत नाही.

दुसरी गोष्ट घर्षणाची. तुम्ही पान्याला जेवढा जोर लावता, त्यातला शंभरातला अर्धा भाग बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक आट्यांत घासण्यात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा. (गिऱ्हाईकाने कापडाला मोजलेल्या रुपयातले कापूस पिकवणाऱ्याकडे किती येतात, त्याची आठवण झाली तर आमचा दोष नाही.) आता विचार करा, आट्यांत गंज आहे, काजळी आहे, एक बोल्ट कोरडा, दुसरा तेलाचा. पाना सारखाच कडक लागेल, पण एका बोल्टचा ताण दुसऱ्याच्या निम्मासुद्धा नसेल. हाताला लागेल तितके आवळणे म्हणजे डोळे बांधून कापूस तोलणे.

तर मग स्टडने काय साधते? बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या बिडात फिरतो. बीड कडक असते पण ठिसूळ. दर वेळी हेड उघडले की त्याच आट्यांत पुन्हा घासाघीस. चार-पाच वेळा उघडलेल्या जुन्या ब्लॉकचे आटे थकतात. स्टड एकदा ब्लॉकमध्ये बसला की तिथेच राहतो. फिरतो तो वरचा नट. झीज होते ती नटाची आणि स्टडच्या वरच्या टोकाची, आणि दोन्ही बदलता येतात. ब्लॉक बदलता येत नाही, म्हणजे येतो, पण मग ट्रॅक्टर विकावा लागतो! शिवाय बोल्ट आवळताना पिळला जातो आणि ताणलाही जातो. स्टड बहुतांशी नुसता ताणला जातो, म्हणून सगळीकडे ताण सारखा यायला मदत होते. स्टडच्या बिडातल्या टोकाला जाड आटे आणि नटाच्या टोकाला बारीक आटे असतात तेही याचसाठी. बारीक आट्यांनी ताण हळूहळू, मापात येतो.

यात नवे काही नाही. नाल्यावर पाण्यासाठी लावायची ती लिस्टर घडणीची जुनी इंजिने आठवा, राजकोटला छोट्या छोट्या कारखान्यांत बनत ती. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे, धपधप आवाज अर्ध्या कोसावरून ऐकू यायचा. त्यांना मुळातच स्टड आणि नट असत. जुन्या काळच्या कितीतरी ट्रॅक्टरांनाही असत. पुढे गाडीच्या इंजिनांत बोल्ट जास्त आले, कारण कारखान्यात जुळणी झटपट होते. काही नव्या इंजिनांत तर असे बोल्ट येतात की ठरलेल्या जोरावर आवळून पुढे अंशांत मोजून फिरवायचे. ते एकदा ताणले की संपले, पुन्हा वापरायचे नाहीत. तुमच्या इंजिनाला असे बोल्ट असतील आणि मिस्त्री जुनेच घासून बसवत असेल, तर त्याचा हात धरा.

आणि जुने नसतील खराब, ब्लॉकचे आटे शाबूत असतील, तर? तर आमचे मत स्पष्ट आहे. कंपनीचे नवे बोल्ट आणा, बसवा, विषय संपला. स्टडचे खूळ डोक्यात घेऊ नका. शर्यतीच्या गाड्यांना, दाब वाढवलेल्या इंजिनांना लोक हौसेने स्टड लावतात, ते त्यांचे त्यांना लखलाभ. आपला ट्रॅक्टर तिफण ओढतो.

स्टड वाकलेले हेड सरळ करत नाहीत, ही या सगळ्या भाषणातली एक गोष्ट घरी घेऊन गेलात तरी पुरे. वाकलेल्या हेडला चांगले स्टड लावून आवळले तर ते त्या वेळेपुरते दबते. इंजिन तापले की पुन्हा आपल्या वाकड्या वळणावर जाते, आणि मधल्या पॅकिंगचा चुरा करते. केसाच्या जाडीएवढा बाक पुरतो. बहुतेक इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मर्यादा असते. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात पाहा, किंवा ते पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. सरळ पट्टी आणि मापाच्या पातळ पत्र्या, ज्याला फीलर म्हणतात, एवढ्यावर ही तपासणी होते. हेडवर लांबीत धरा, रुंदीत धरा, दोन्ही कर्णांवर धरा. नंतर तीच पट्टी ब्लॉकवर धरा. ब्लॉककडे कुणी बघतच नाही.

तडा पाहायचा असेल तर हेड स्वच्छ धुवा, रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा फिरवा, कोरडे पुसा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तर आत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. दोन व्हॉल्व्हच्या मधली चिंचोळी जागा आधी बघा, तडे तिथेच जास्त जातात. व्हॉल्व्ह नीट बसतात का हे पाहायला हेड आडवे ठेवून पोर्टमध्ये थोडे डिझेल ओता आणि थांबा. मशीनवाल्याने आमच्या हेडमध्ये ओतले तर विडी ओढून होईपर्यंत तीन व्हॉल्व्हखाली थेंब जमले होते. तेव्हा ते हेड फेस करायचे, सीट कापायच्या, व्हॉल्व्ह घासायचे, गाईड ढिली होती ती बदलायची, नोझल तपासायची, असे पूर्ण काम काढावेच लागले. त्यात काटकसर नाही.

पण उलटी चूकही होते, आणि शहरात तीच जास्त होते. हेड सरळ आहे, तडा नाही, व्हॉल्व्ह धरतात, नुसता एक बोल्ट थकला आहे. तरी समोरचा म्हणतो, आता उघडलेच आहे तर सगळे करून टाकू. हेड कारण नसताना फेस करू नका. दर फेसिंगला हेडची जाडी कमी होते, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि पुढे कधी खरेच फेसिंग लागले तेव्हा कापायला माल उरत नाही. तिसरीही एक परिस्थिती असते. स्टार्ट उशिरा होते, श्वासनळीतून धूर येतो, तेल खाते. मग रोग हेडमध्ये नाहीच, रिंगांत आणि लाईनरमध्ये आहे. त्यावर हेडचे काम काढणे म्हणजे पोटदुखीला डोळ्यात थेंब घालणे. लाईनर ब्लॉकच्या वर किंचित उंच उभा राहिला पाहिजे, कारण पॅकिंग दाबायचे काम त्या कडेचे. तो खाली बसला असेल तर स्टड घाला की हेड घडवा, पॅकिंग टिकत नाही. हेही मापायला तीच पट्टी आणि त्याच पत्र्या लागतात.

आता हेड वाकले का, ते ऐका. यात आपलीच लाज आहे. आमच्या रेडिएटरच्या जाळीत ज्वारीचा भुसा कोंबून बसला होता. थ्रेशर ट्रॅक्टरवर चालवला, भुसा उडाला, पंख्याने ओढून जाळीत घातला. वर डिझेलचा ओलावा आणि धूळ. कापसाच्या वेचणीत तंतू चिकटले. बाहेरून कुणी झटकले नाही. आणि आतून? गडचांदूर-आवारपूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने का आले, कारण जमिनीखाली चुनखडी आहे. ज्या विहिरीच्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. थर तिथेही बसतो, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत बसतो, हेडमधल्या अरुंद वाटा तर आधी बुजतात. गार राहायला पाणी लागते, पाणी फिरायला वाट लागते. आमच्या हेडच्या एका वाटेत माचिसची काडी जात नव्हती.

पावसाचे पाणी पत्र्यावरून धरून दोन कॅन भरून ठेवा, त्यात कूलंट मिसळा आणि तेच वापरा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. भुसा आतल्या बाजूने, पंख्याकडून बाहेर, हवेने किंवा हलक्या पाण्याने काढा. आणि इंजिन तापले तर गार पाण्याची बादली ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होते ते मायबहिणींना विचारा. बीड तडकते. इंजिन बंद करून सावलीत बसा, पेरणी अर्धा तास थांबली तर थांबली.

शेवटी आम्ही काय केले? हेडचे पूर्ण काम आणि स्टड, दोन्ही. ज्या भोकाचे आटे पार गेले होते तिथे पोलादी आट्यांची गुंडाळी बसवली, मशीनवाले तिला हेलिकॉइल म्हणतात. दुसरे वाढवलेले भोक भरून पुन्हा मूळ मापावर आणले. स्टड १०.९ चे, एकाच मापाचे, एकाच दुकानातून. बसवताना तीन गोष्टी आमच्यासमोर करून घेतल्या. भोके टॅप फिरवून आणि हवा मारून कोरडी केली. खाली तेल किंवा पाणी साचलेले असेल आणि वरून स्टड दाबला तर पाण्याला जायला जागा नसते, ब्लॉकच फुटतो. जी भोके पाण्याच्या वाटेत उघडतात त्यांच्या आट्यांना सीलर लावला. आणि स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवले, पाना लावून तळाला ठोकून आवळले नाहीत. मग हेड सरळ वरून उतरवले, नटाखाली कडक वॉशर घातले, आट्यांना तेल दिले, आणि मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जात, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. आमच्या पॅकिंगला लागू होते म्हणून इंजिन एकदा तापवून, थंड झाल्यावर पुन्हा तपासले, आणि टॅपेट लावले. सगळ्याच पॅकिंगला हे चालत नाही, पुडक्यावर लिहिलेले वाचा. त्यानंतर दोन हंगाम गेले, पाण्यात बुडबुडा नाही.

खर्चाचे बोलू. बाजारात दर जागोजागी वेगळे, म्हणून रुपये सांगत नाही, हिशेबाची रीत सांगतो. समजा तुम्हाला स्टडचे काम बारा हजारांत आणि हेडचे पूर्ण काम तीस हजारांत सांगितले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे एक काम दीड क्विंटल कापसाचे, दुसरे पावणेचार क्विंटलचे. ज्वारीत मोजाल तर आठ क्विंटलच्या वर. कोरडवाहूत एकरी किती पिकते ते तुम्ही जाणता. तेव्हा पूर्ण एका एकराचा कापूस त्या हेडमध्ये जातो. आणि हाही हमीभावाने मोजला. त्याच २०२५ साली १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठवले आणि सवलत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या काळात. व्यापाऱ्याच्या दारात कापूस टाकणाऱ्याने आपल्या भावाने हिशेब करावा.

जुन्या काळी नांगर मोडला तर सुतार-लोहार दुरुस्त करायचा आणि खळ्यावर आपले बलुते न्यायचा. पीक बुडाले तर त्याचेही बलुते बुडायचे. ते चांगले होते असे आम्ही म्हणत नाही, त्या बलुत्यात किती माणसे पिळली गेली हे इतिहासाला ठाऊक आहे. पण दुरुस्तीची किंमत पिकाला बांधलेली होती. आज दुरुस्ती रोखीत आणि पीक दुसऱ्याने ठरवलेल्या भावात. मूल्य आयोगाच्या हिशेबात औजारांचा घसारा धरतात. घसारा म्हणजे दर वर्षी थोडा थोडा, कागदावर शांतपणे. आपले हेड मात्र मृगात, एका दुपारी उडते, आणि दुबार पेरणीचे बियाणे, भाड्याचा ट्रॅक्टर, सावकाराचे व्याज मागे लावून जाते. हा खर्च उत्पादनखर्चात मांडा, असे आपण म्हणायचे असेल तर आधी आपल्याकडे त्याची बिले पाहिजेत. आमच्या पहिल्या दोन कामांचे एक चिठोरेसुद्धा नाही. मागायची लाज वाटली.

बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा आणि त्याच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधी भागांवर १८ होता. पक्क्या बिलाशिवाय तो तुमच्यापर्यंत पोचला की नाही हे कळणार कसे? काढलेले जुने बोल्ट, जुने पॅकिंग पिशवीत घालून परत मागा. जळके पॅकिंग कुठे जळले ते पाहिले की रोग कुठे आहे ते कळते. आमचे दोन्ही पॅकिंग एकाच ठिकाणी, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे जळले होते. पिशवी घरी आणली असती तर तिसरी वेळ आली नसती.

आणि मिस्त्रीशी भांडू नका. त्याच्याकडे टॉर्क पाना नसतो कारण त्यालाही तो परवडत नाही, आणि आपण त्याला कधी वेळेवर पैसे दिले? हेडचे काम काढायचे असेल तर चैत्र-वैशाखात काढा, ट्रॅक्टर रिकामा असतो, मिस्त्रीलाही सवड असते, हेड वाकले आहे की नाही हे पाहायला त्याला एक अख्खी सकाळ मिळते. मृगाच्या तोंडावर नेलेल्या इंजिनाला मलमपट्टीच होणार.

आम्ही चार घरांनी वर्गणी काढून एक टॉर्क पाना, एक सरळ पट्टी आणि फीलरचा एक संच घेतला आहे. ज्या गावाला लागेल त्याने न्यावा, भाडे नाही. वही ठेवली आहे, त्यात कुणाच्या इंजिनाला, कोणत्या आकड्यावर आवळले, हेड किती वाकले होते, खर्च किती आला, बिल मिळाले का, हे लिहायचे. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही आणू. पाना परत देताना तेवढा काटा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून द्या. ताणलेला ठेवला की त्याची स्प्रिंग बसते, आणि मग तोही खोटे माप सांगायला लागतो.